आयर्लंडची छोटी सहल : डब्लिन-गॉलवे, चार रात्री, सोबत आई-बाबा आणि लहान मुलगी (प्रवास व मुक्कामाबद्दल सल्ला हवा)

अबोली_म्युनिक
नमस्कार मंडळी. आम्ही म्युनिकला राहतो. सप्टेंबरमध्ये आई-बाबा नाशिकहून तीन महिन्यांसाठी येतायत. ते इथे असताना चार रात्रींसाठी आयर्लंडला जायचा विचार आहे. आम्ही पाच जण : आई-बाबा, मी, नवरा आणि चार वर्षांची लेक. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार-रविवार धरून जावं असं डोक्यात आहे, म्हणजे नवऱ्याच्या रजा वाचतील. डब्लिन बघायचंच आहे. बाबांना पश्चिम किनाऱ्यावरचे मोहेरचे कडे बघायचेत, त्यांनी फोटो पाहिल्यापासून तोच विषय चालू आहे. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार जिने आणि चढ नकोत. दोघंही शाकाहारी.

प्रश्न असे : गाडी भाड्याने घ्यावी का? डब्लिनमध्ये कुठल्या भागात राहावं? हॉटेलांचे दर बघून धडकीच भरली, हे नेहमीचंच आहे की आमच्या तारखा वाईट आहेत? आई-बाबांकडे शेंगेन व्हिसा असेलच, त्यामुळे त्या बाजूने काही अडचण नसावी.

लिफीकाठी
अबोली, बाकी सगळं नंतर. आधी तुझं शेवटचं वाक्य. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. आई-बाबांचा शेंगेन व्हिसा इथे चालणार नाही. तुम्हा दोघांकडे भारतीय पासपोर्ट असेल तर जर्मनीच्या रहिवासी परवान्यावरही इथे येता येणार नाही. सगळ्यांना आयरिश व्हिसा वेगळा काढावा लागेल.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आई-बाबा म्युनिकहून डब्लिनला आले की शेंगेनमधून बाहेर पडले. परत म्युनिकला जाताना ते नव्याने आत शिरणार. त्यांचा शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल तर परतीच्या विमानातच बसता येणार नाही. अर्ज करतानाच 'मल्टिपल एंट्री' मागा आणि कारण म्हणून आयर्लंडची सहल लिहा.

अबोली_म्युनिक
बापरे. बरं झालं विचारलं. आई-बाबांचा शेंगेनचा अर्ज अजून जायचाय. मग आयरिश व्हिसा ते इथे आल्यावर म्युनिकहून काढतील का?

लिफीकाठी
नाही, आपण जिथे कायम राहतो तिथूनच अर्ज करायचा असतो. त्यांनी भारतातून, तुम्ही जर्मनीतून. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग त्याची छापील प्रत आणि कागदपत्रं जमा करायची. भारतात हे काम व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात होतं. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो.

यात एक कात्री आहे. पासपोर्ट एकच, आणि तो एका वेळी एकाच अर्जासोबत देता येतो. शेंगेनसाठी पासपोर्ट गेला की तो परत हातात येईपर्यंत आयरिश अर्ज पुढे सरकत नाही. आई-बाबा सप्टेंबरमध्ये निघणार म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये दोन्ही व्हिसा एकापाठोपाठ एक बसवायचे आहेत. आजच त्यांना फोन कर.

सह्यकडा
लिफीकाठींना अनुमोदन, आणि एक भर. भारतात राहून भारतातून अर्ज करणाऱ्या भारतीयांना ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेचा लाभ मिळतो. व्हिसावर 'बीआयव्हीएस' असा शेरा असेल तर त्याच व्हिसावर ब्रिटनमध्ये आणि उत्तर आयर्लंडमध्येही जाता येतं. ही सोय जर्मनीतून अर्ज करणाऱ्याला नाही. म्हणजे एकाच कुटुंबात आई-बाबांना बेलफास्ट मोकळं आणि मुलीला-जावयाला बंद, असं होऊ शकतं. डब्लिन-बेलफास्ट रेल्वे सीमेवर थांबत नाही, रस्त्यावरही चौकी दिसत नाही. म्हणून लोक समजतात की चालतं. पलीकडे ब्रिटनचा कायदा लागू होतो आणि तपासणी कधीही होऊ शकते. बेलफास्ट यादीत असेल तर या वेळी काढून टाका.

अबोली_म्युनिक
बेलफास्ट नव्हतंच, त्यामुळे सुटलो. मग आधी विमान ठरवू की व्हिसा? अर्जात राहण्याचा पत्ता तर दाखवावा लागेल ना?

लिफीकाठी
क्रम असा ठेव. आधी मुक्काम, पण विनाशुल्क रद्द करता येईल असाच. मग व्हिसाचे अर्ज. विमानाचं तिकीट व्हिसा हातात आल्यावर. व्हिसा मिळण्याआधी तिकीट काढू नका, असं आयरिश सरकारही सांगतं. रेल्वेचं आरक्षण सगळ्यात शेवटी.

लोक उलट करतात. स्वस्त विमान दिसलं की ते आधी घेतात आणि मग हॉटेल शोधायला बसतात. आयर्लंडमध्ये विमान स्वस्त मिळतं, बस स्वस्त आहे, महाग आहे ती रात्र. सगळ्या सहलीचं गणित खाटेच्या दरावर ठरतं. त्यामुळे तारखाही खोलीच्या दराकडे बघूनच ठरवायच्या.

आता तुझ्या तारखा. ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार इथे सार्वजनिक सुट्टी असते. त्याच्या आदल्या रविवारी डब्लिन मॅरेथॉन असते. त्याच दिवसांत कॉर्कला जाझ महोत्सव असतो. देशभर लोक फिरायला बाहेर पडलेले असतात, वर धावायला आलेले हजारो लोक आणि त्यांची कुटुंबं. तुला दिसलेले दर हे त्या शनिवार-रविवारचे आहेत. दोन आठवडे अलीकडे सरका, सोमवार ते शुक्रवार घ्या, आणि तेच हॉटेल पुन्हा बघा.

आणखी एक कारण आहे. शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर डब्लिनमध्ये पाचच्या सुमाराला अंधार होतो. ऑक्टोबरच्या मध्यात साडेसहापर्यंत उजेड असतो. वडीलधारी माणसं आणि लहान मूल सोबत असताना तो दीड तास फार मोलाचा.

मेथीची_जुडी
दरांबद्दल थोडं माझ्याकडून. डब्लिनमध्ये कुठल्याही तारखा घेण्याआधी तीन गोष्टी बघायच्या : लान्सडाउन रोडच्या अविवा स्टेडियमवर रग्बीचा सामना आहे का, क्रोक पार्कला मोठा सामना किंवा गाण्याचा कार्यक्रम आहे का, आणि मार्च असेल तर 17 तारीख किती जवळ आहे. क्रोक पार्कमध्ये ऐंशी हजारांहून जास्त माणसं बसतात. त्या रात्री ड्रमकोंड्रापासून शहराच्या मध्यापर्यंत खोली मिळणं मुश्कील. गॉलवेला जुलैच्या शेवटी घोड्यांच्या शर्यतींचा आठवडा असतो, तेव्हा तर नावच काढू नये.

पाऊसवेडा
अबोली, मी गाडीच्या बाजूने बोलतो. पाच माणसं आहात, सामान आहे, लहान मूल आहे. इथे आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात. मोहेरला जायचं तर आपली गाडी असली की मनासारखं थांबता येतं. बुरेनच्या चुनखडीच्या माळावर, समुद्रकाठच्या रस्त्याने जाताना जे दिसतं ते बसच्या खिडकीतून तसं दिसत नाही.

लिफीकाठी
पाऊसवेडा, आठवडाभराची सहल असती तर मीही गाडीच सुचवली असती. पश्चिम किनाऱ्याला गाडीशिवाय खरी मजा नाही, हे मान्य. पण चार रात्रींत दोन शहरं बघायची असताना गाडी जास्त वेळ उभीच राहणार. डब्लिनमध्ये पार्किंगचे पैसे वेगळे. मुलांची आसनं सक्तीची, त्याचं भाडं वेगळं. विमानतळाजवळून जाणाऱ्या एम-50 महामार्गावर टोलनाका दिसतच नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन पैसे भरायचे असतात. नवीन माणसाला हे माहीत नसतं आणि मग दंड वाढत जातो. शिवाय अबोलीच्या घरची मंडळी उजव्या बाजूने चालवायला सरावलेली. अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं, त्यात पाऊस. या वेळी गाडी नको असंच माझं मत.

शिरीष_गॉलवे
मी गॉलवेला राहतो, तर माझी बाजू मांडतो. डब्लिनहून मोहेर एका दिवसात करणाऱ्या सहली असतात. सकाळी सातच्या आसपास निघतात, संध्याकाळी सात-साडेसातला परत. जाऊन-येऊन सहा-सात तास नुसतं बसमध्ये. चार वर्षांच्या मुलीला आणि गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन हे कृपया करू नका. बाबांना कडे बघायचे असतील तर गॉलवेला राहा.

लिफीकाठी
शिरीषदादा, पटतंय, पण मध्येच एक रात्र गॉलवे केली की सामान बांधा, सोडा, पुन्हा बांधा. पाच जणांच्या सामानात अर्धा दिवस जातो. म्हणून मी नेहमी एकच मुक्काम सांगते.

शिरीष_गॉलवे
मध्ये नको, सुरुवातीलाच करा. डब्लिन विमानतळावरूनच गॉलवेला थेट बस आहे. सिटीलिंक आणि गोबस दोन्हींच्या गाड्या टर्मिनलच्या बाहेरून सुटतात, डब्लिन शहरात शिरावंच लागत नाही. अडीच-तीन तासांत गॉलवेच्या बसस्थानकावर. ते रेल्वे स्टेशनच्या शेजारीच आहे आणि आयर स्क्वेअर दोन मिनिटांवर. पहिल्या दोन रात्री गॉलवे, मग रेल्वेने डब्लिन, शेवटच्या दोन रात्री तिथे. परतीचं विमान डब्लिनहून, त्यामुळे शेवटच्या दिवशी लांबचा प्रवास नाही. सामान एकदाच हलवायचं.

लिफीकाठी
हे मात्र अगदी योग्य. माझा एकच मुक्कामाचा आग्रह मागे घेते. अबोली, असंच कर.

अबोली_म्युनिक
हे फारच आवडलं! बाबांना आत्ताच फोनवर सांगितलं, ते खूश आहेत. शिरीषदादा, गॉलवेला कुठे राहू? आणि मोहेरला कसं जायचं?

शिरीष_गॉलवे
आयर स्क्वेअरपासून चालत दहा मिनिटांच्या आत खोली बघा. सॉल्टहिलला समुद्रासमोर छान बी-अँड-बी (नाश्त्यासह खोली देणारी घरं) आहेत, दरही थोडे बरे असतात, पण रोज बसने ये-जा करावी लागेल. दोनच रात्रींसाठी गावातलं बरं. शॉप स्ट्रीट, क्वे स्ट्रीट, स्पॅनिश आर्च, सगळं पायी होतं आणि चढ जवळजवळ नाहीच. फक्त क्वे स्ट्रीटवरची खोली घेऊ नका, पबमधली गाणी उशिरापर्यंत चालू असतात. संध्याकाळी सॉल्टहिलला फिरायला जा. फरसबंद रस्ता समुद्राला लागून सरळ जातो, आईंना सोपा पडेल. दुसऱ्या टोकाला ब्लॅकरॉकच्या उड्या मारायच्या मनोऱ्यापाशी पोहोचलात की तिथल्या भिंतीला पाय लावून परत फिरायचं, हा इथला रिवाज आहे. लेकीला नक्की आवडेल.

मोहेरला बस एरनची 350 क्रमांकाची बस जाते. डूलिनवरून, साधारण दोन तास. फेऱ्या मोजक्या आहेत आणि उन्हाळा संपला की आणखी कमी होतात. एक चुकली तर बराच वेळ बसावं लागेल. तुमच्यासाठी गॉलवेहून निघणारी एका दिवसाची सहल बरी : सकाळी निघून बुरेन दाखवत कड्यांपाशी नेतात, दीड-दोन तास देतात आणि संध्याकाळच्या आत परत.

आईंबद्दल काळजी नको. तिथलं केंद्र टेकडीच्या पोटात बांधलंय, आत स्वच्छतागृहं आणि उपाहारगृह आहे. तिथून मुख्य सज्जापर्यंत फरसबंद वाट आहे, आणि त्या सज्जावरूनच कड्यांची पूर्ण रांग दिसते. सगळ्यात उंच जागी कडा 214 मीटर आहे. बाबांना ओब्रायन टॉवरपर्यंत चढायचं असेल तर पायऱ्या आहेत, आई खाली बाकावर बसू शकतील. वारा मात्र जबरदस्त असतो. छत्री नेऊ नका, उलटी होते. टोपी असलेले रेनकोट घ्या, आणि लेकीचा हात एक क्षणही सोडू नका. शक्य असेल तर मोहेरचं आरक्षण हवामान बघून आदल्या दिवशी करा. ढग खाली उतरले की समोर नुसतं पांढरं.

मेथीची_जुडी
डब्लिनच्या मुक्कामाबद्दल मी सांगते. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो. गार्डिनर स्ट्रीटच्या बाजूला जुन्या जॉर्जियन घरांमध्ये पुष्कळ गेस्टहाउसेस आहेत. बाहेरून देखणी, रंगीत दारं, दर परवडणारे. पण लिफ्ट बहुतेक ठिकाणी नाही, जिने अरुंद आणि उभे, आणि खोली हमखास तिसऱ्या मजल्यावर मिळते. सासूबाई एकदा वर चढल्या की दिवसभर खाली यायला तयार नसत. कुठेही आरक्षण करण्याआधी 'लिफ्ट आहे का, नसेल तर तळमजल्यावर खोली द्याल का' असं लिहून विचार आणि उत्तर जपून ठेव.

दुसरं म्हणजे स्वयंपाकघर असलेलं अपार्टहॉटेल बघ. दोन खोल्या वेगवेगळ्या घेण्यापेक्षा पाच जणांना ते जवळजवळ त्याच पैशांत पडतं. सकाळी कांदेपोहे झाले की आई-बाबा समाधानी. बी-अँड-बीतला आयरिश नाश्ता म्हणजे डुकराचे पातळ काप, सॉसेज आणि पुडिंग. 'पुडिंग' ऐकून गोड पदार्थ समजू नका. ब्लॅक पुडिंगमध्ये डुकराचं रक्त असतं आणि पांढऱ्यातही मांस असतंच. शाकाहारी आहोत असं आदल्या रात्री सांगितलं तर अंडी, टोस्ट, मशरूम, टोमॅटो, बीन्स देतात.

आणि आई-बाबांना सांग, बॅगेत पेढे, खवा, तूप नको. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात आणायला मनाई आहे. चिवडा-चकल्या खुशाल आणा. काही कमी पडलं तर डब्लिनमध्ये मूर स्ट्रीट आणि पार्नेल स्ट्रीटच्या आसपास भारतीय वाणसामान मिळतं.

लिफीकाठी
मेथीताईंचं सगळं बरोबर. आता भाग कुठला, ते सांगते. टेंपल बार नको. रात्रभर गोंगाट, पायाखाली गोटे, आणि दरही चढे. विमानतळाजवळची हॉटेलं स्वस्त दिसतात, पण रोज शहरात ये-जा करण्यात वेळ जातो. पहाटेचं विमान असेल तर शेवटच्या रात्रीपुरतं ठीक.

तुमच्यासाठी स्मिथफील्ड. कारण तुम्ही गॉलवेहून रेल्वेने येणार, आणि ती गाडी ह्यूस्टन स्टेशनला येते. स्टेशनच्या दारातच लुआस म्हणजे ट्रामची लाल लाइन आहे. ह्यूस्टन, म्युझियम, आणि पुढचा थांबा स्मिथफील्ड. ट्रामची फरशी फलाटाच्या पातळीत असते, त्यामुळे बाबागाडी ढकलत न्यायची आणि आईंना एकही पायरी नाही. त्याच लाइनवर पुढे ॲबी स्ट्रीट, तिथे उतरलं की ओकॉनेल स्ट्रीट. आणखी पुढे कॉनॉली, तिथून डार्टने म्हणजे लोकल रेल्वेने होथ हे समुद्रकाठचं गाव. मुक्काम लाल लाइनवर असला की पुढचे दोन दिवस आपोआप जुळतात. डब्लिनमध्ये खोली निवडताना 'मध्यवर्ती आहे का' यापेक्षा 'मला जायचंय तिकडची गाडी दारातून जाते का' हे विचारावं.

तिकिटांसाठी लीप कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून यंत्रावर टेकवायचं कार्ड. पर्यटकांचं लीप व्हिजिटर कार्ड 24, 72 किंवा 168 तासांचं मिळतं, मी शेवटचे दर पाहिले तेव्हा 8, 16 आणि 32 युरो होते. पहिल्यांदा टेकवल्यापासून तास मोजतात. त्यात डब्लिन बस, लुआस, डार्ट सगळं आलं. विमानतळाच्या खासगी कोचवर मात्र चालत नाही. साधं लीप कार्ड घेतलं तर 90 मिनिटांत कितीही बदल करून 2 युरो. साध्या कार्डावर दिवसाच्या खर्चाला कमाल मर्यादा असते, त्यामुळे एखाद-दुसऱ्या दिवसासाठी साधं पुरे. पाच वर्षांखालच्यांना तिकीट नाही.

वापरायची पद्धत नीट लक्षात ठेवा. बसमध्ये फक्त चढताना, दाराच्या उजव्या बाजूच्या यंत्रावर कार्ड टेकवायचं. लुआसला फलाटावरच्या खांबावर चढण्याआधी आणि उतरल्यावर, दोन्ही वेळा. ट्राममध्ये शिरल्यावर यंत्र नसतं, आणि तपासनीस येतात. बस थांब्यावर आपोआप थांबत नाही, आपली बस दिसली की हात पुढे करायचा. रोख पैसे द्यायचे तर नेमकी नाणीच, नोट घेत नाहीत आणि सुटेही देत नाहीत. उतरताना चालकाला 'थँक्यू' म्हणायची इथे सवय आहे, लहान-मोठे सगळे म्हणतात.

सह्यकडा
रेल्वेबद्दल एक. गॉलवे-डब्लिन तिकीट आयरिश रेल्वेच्या संकेतस्थळावर आधी काढलं तर खिडकीपेक्षा स्वस्त पडतं. आरक्षण करताना प्रत्येकाचं नाव भरा. आसनाच्या वरच्या छोट्या पट्टीवर ते नाव दिव्यांच्या अक्षरांत दिसतं. आई-बाबांना आपलं नाव तिथे वाचून गंमत वाटेल. अथलोनजवळ शॅनन नदी ओलांडते, तेवढ्या वेळ खिडकीजवळ बसा.

मालवणी_माणूस
धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. ज्या देशाचे पंतप्रधान लिओ वराडकर होते, तो हा देश. त्यांचे वडील अशोक वराडकर आमच्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. डिसेंबर 2019 मध्ये पंतप्रधान असताना ते गावी येऊन गेले, तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर होतं. बाबांना सांगा, डब्लिनला सरकारी कचेऱ्यांवरून जाताना आठवण काढा. आमच्या वतीने.

अबोली_म्युनिक
नक्की काढू, मालवणी दादा! बाबांना हे ठाऊक नव्हतं, आता सगळ्यांना सांगत सुटतील.

तर ठरलेलं असं. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, सोमवार ते शुक्रवार. विमानतळावरून थेट गॉलवे, दोन रात्री आयर स्क्वेअरजवळ लिफ्ट असलेल्या हॉटेलात. मंगळवारी मोहेर, हवा वाईट असेल तर बुधवारी सकाळी, आणि रेल्वे संध्याकाळची. मग स्मिथफील्डला स्वयंपाकघरासह दोन रात्री. दोन्ही ठिकाणं रद्द करता येतील अशी घेतली. दर शेवटच्या आठवड्यापेक्षा खरंच बरेच खाली आहेत. आई-बाबांचा शेंगेनचा अर्ज याच आठवड्यात, मल्टिपल एंट्री मागून. पासपोर्ट परत आला की लगेच आयरिश.

डब्लिनच्या एका पूर्ण दिवसात काय बसवू? यादी मोठी नको.

लिफीकाठी
सकाळी होथ. कॉनॉलीहून डार्टने अर्ध्या तासात. कड्यावरची वाट आईंना नको, पण बंदराचा धक्का सपाट आहे, आणि पाण्यात सील डोकं वर काढतात. लेक तिथून हलणार नाही. दुपारी डब्लिन कॅसलच्या बागेतलं चेस्टर बीटी संग्रहालय. प्रवेश विनामूल्य, लिफ्ट आहे, आणि मुघल चित्रांचा त्यांचा संग्रह इतका सुंदर आहे की बाबांना दोन तास कमी पडतील.

किलमेनम तुरुंग बघायचा असेल तर आत्ताच ठरव. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या 1916 च्या उठावातल्या नेत्यांना तिथे गोळ्या घातल्या. आयर्लंड समजून घ्यायचं तर त्याहून मोठी जागा नाही. आत मार्गदर्शकासोबतच जाता येतं आणि तिकिटं 28 दिवस आधी खुली होऊन झटपट संपतात. पायऱ्या आहेत, त्यामुळे तू आणि बाबा जा, आई आणि लेक त्या वेळात फिनिक्स पार्कला हरणं बघतील. व्हिसा आला की दिनदर्शिकेत 28 दिवस मागची तारीख खूण करून ठेव.

अबोली_म्युनिक
खूण केली. व्हिसाचं काय होतं ते इथेच कळवते.